रंग देण्यापूर्वीचे काम : मोटारीचे प्लॅस्टिकचे भाग आणि सीमाभागातील रंगारी



सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग उमरगे ओलांडल्यावर कर्नाटकाच्या हद्दीत शिरतो आणि बसवकल्याणचा फाटा मागे टाकून हुमनाबादेस पोहोचतो. तेथून एक वाट बीदरकडे व दुसरी कलबुर्गीकडे फुटते. या महामार्गाचा क्रमांक पूर्वी ९ होता, आता तो ६५ आहे. परंतु रस्त्याकडेचे दृश्य क्रमांकाने बदलत नाही. फाट्याफाट्यावर पत्र्याची शेड, शेडसमोर हवा भरण्याचा कॉम्प्रेसर, दोरीवर वाळत टाकलेले मोटारीचे दरवाजे आणि 'डेंटिंग-पेंटिंग' अशी मराठी, कन्नड किंवा उर्दू अक्षरांतील पाटी, हे या भागातील प्रवाशांच्या चांगल्या परिचयाचे आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील खेड्यांतून कितीतरी मुले शाळा सुटल्यावर याच व्यवसायाची वाट धरतात. प्रस्तुत विचार या रंगाऱ्यांच्या एका अडचणीविषयी आहे.

समजा, भालकी तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या मोटारीचा पुढचा बंपर बैलगाडीला घासून फुटला. त्याने बाजारातून नवा, काळा, कोरा बंपर आणला व गॅरेजमध्ये देऊन तो मोटारीच्या पांढऱ्या रंगाचा करून घेतला. काम नामी झाले. दोन महिन्यांनी मोटार धुण्यासाठी गेली, पाण्याचा जोरदार फवारा बंपरच्या कडेवर बसला, आणि केळीचे सोपट सोलावे तसा रंग सुटून आला. "उस्ताद, रंग निघाला की हो!" असे म्हणत शेतकरी गॅरेजच्या दारात उभा राहिला. उस्ताद म्हणतो, रंग उत्तम कंपनीचा होता. शेतकरी म्हणतो, मग निघाला कसा? दोघेही खरे बोलत असतात. रंग चांगलाच होता; तो ज्यावर बसवला ते त्याला धरून ठेवीत नव्हते.

हा उस्ताद लबाड नसतो, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. त्याने आपली विद्या पत्र्यावर संपादन केलेली असते. पत्रा ठोकून सरळ करावा, गंज काढावा, लांबी भरावी, वॉटर पेपरने घासावे, अस्तर द्यावे, मग रंग फवारावा, हा क्रम त्याच्या हातात मुरलेला असतो. तोच क्रम तो प्लॅस्टिकवर चालवतो, आणि प्लॅस्टिक त्याला दगा देते.

एकच उपचार दोन निरनिराळ्या पदार्थांवर निरनिराळा परिणाम करतो, ही गोष्ट बीदरला कोणी नव्याने शिकवावी अशी नाही. तेथील बिदरी भांड्यांचा मिश्रधातू जस्त व तांबे यांचा असतो आणि त्यात जस्ताचा वाटा फारच मोठा, साधारणपणे सोळास एक, असतो. ओतलेले भांडे कानशीने व काचकागदाने घासून साफ करतात. नक्षीची रेघ नीट दिसावी म्हणून मोरचुदाच्या पाण्याने ते तात्पुरते काळे करतात. मग नक्षी कोरून तीत चांदी ठोकतात. अखेरीस बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या मिश्रणाचा उपचार करतात. त्याने जस्ताचे अंग कायमचे काळेभोर होते. त्याच मिश्रणात भिजलेली चांदी मात्र जशीच्या तशी उजळ राहते. या कलेसाठी बीदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. बिदरीचा कारागीर आधी धातू ओळखतो व मग मातीला हात घालतो. गॅरेजमधील रंगाऱ्यालाही आधी आपल्यासमोरील वस्तू कशाची आहे हे ओळखावे लागते.

एकेकाळी ही ओळख करून घेण्याची गरजच नव्हती. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या मोटारींचे बंपर पोलादाचे, वर चकचकीत मुलामा दिलेले असत. ते रंगवायचे नसतच. मोटारीच्या रंगाला आपल्याकडे अजूनही कित्येक कारागीर 'डुको' म्हणतात. अमेरिकेत १९२३ च्या सुमारास मोटारींसाठी निघालेल्या, झटपट वाळणाऱ्या एका रंगाचे ते व्यापारी नाव. रंग बदलले, नाव राहिले. फ्रान्समध्ये १९७२ साली आलेल्या रेनो ५ या छोट्या मोटारीने प्लॅस्टिकचे बंपर सर्वसामान्यांच्या गाडीवर आणले. भारतात मारुती ८०० मोटार डिसेंबर १९८३ मध्ये आली, आणि पुढील काही वर्षांत काळे प्लॅस्टिकचे बंपर खेड्यापाड्यांतून दिसू लागले. ते काळेच राहात, तोवर रंगाऱ्याला चिंता नव्हती. पुढे बंपर मोटारीच्याच रंगाचा असावा अशी चाल पडली. आरशांची टोपणे, दरवाजांच्या मुठी, पुढची जाळी, मोटारसायकलींचे व स्कूटरचे पंखे असे एकेक अंग प्लॅस्टिकचे होत गेले, आणि पत्र्यावर शिकलेल्या हाताला नवीनच परीक्षा द्यावी लागली.

बहुतेक बंपर ज्या प्लॅस्टिकचे असतात त्याचे नाव पॉलिप्रॉपिलीन. इटलीचे जूलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये ते उपयोगी अशा घन स्वरूपात सिद्ध केले व १९६३ मध्ये जर्मनीचे कार्ल झीग्लर यांच्यासह त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बंपरसाठी त्यात रबरासारखा एक पदार्थ मिसळतात, म्हणजे धक्का बसला तरी ते तडकत नाही. आणि शंखजिऱ्याची पूड घालतात, म्हणजे ते ताठ राहते. हा पदार्थ ग्रामीण श्रोत्यांना अपरिचित नाही. लग्नमंडपात मांडल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या बहुधा याच जातीच्या असतात. मंडपवाला खुर्चीच्या पाठीवर तैलरंगाने आपले नाव लिहितो आणि दोन हंगामांत त्या नावाची अर्धी अक्षरे गळून जातात, हे अनेकांनी पाहिले असेल. बंपरवरून सुटणारा रंग व खुर्चीवरून गळणारे नाव, दोहोंचे कारण एकच आहे.

अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, त्याचे थेंब होऊन ओघळतात, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पानाचा पृष्ठभाग पाण्याला आपल्याकडे ओढून घेत नाही. पॉलिप्रॉपिलीन हे रंगाच्या बाबतीत बरेचसे अळवाच्या पानासारखे आहे. धातूच्या पृष्ठभागाला द्रव पदार्थाचे जितके आकर्षण असते त्याच्या मानाने याचे फारच थोडे असते. रंगातील रेणूंनी हात पुढे केला तर तो धरायला येथे समोरून हात येत नाही. शिवाय पत्रा घासला की त्याला जशी खरखरीत, रंगाला पकड देणारी दरी पडते तशी या मऊ व तेलकट पदार्थाला पडत नाही. म्हणून नुसते घासून भागत नाही. शिक्षकांना हे वर्गात दाखवता येईल. पत्र्याची एक स्वच्छ पाटी आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीची बैठक यांवर ड्रॉपरने पाण्याचा एकेक थेंब टाकावा व बाजूने निरखावे. पाटीवर थेंब पसरट होतो, खुर्चीवर तो फुगीर राहतो. पदार्थविज्ञानाचा धडा शिकवण्यास याहून स्वस्त साधन क्वचितच मिळेल.

सर्वच प्लॅस्टिके इतकी हट्टी नसतात. पुढची जाळी, आरशाची टोपणे व दुचाकी वाहनांचे पुष्कळसे भाग एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. त्यावर रंग पुष्कळच सुखाने बसतो. मात्र त्याची खोड उलटी आहे. तीव्र थिनरने ते विरघळू लागते आणि त्यावर केसासारख्या बारीक भेगा पडतात. जो थिनर बंपरला काही करीत नाही तोच स्कूटरच्या पंख्याचा नाश करू शकतो. म्हणून हाती आलेला भाग उलटा करून आतील बाजू पाहावी. तेथे बहुधा दोन टोकदार कंसांत रोमन अक्षरांत पदार्थाचे नाव कोरलेले असते : पीपी, पीपी-ईपीडीएम, एबीएस असे काही, पुढे टी २० असल्यास त्यात शंखजिऱ्याची पूड शेकडा २० आहे असे समजावे. अक्षरे नसली तर आतील, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर थिनरचा बोळा क्षणभर फिरवावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते एबीएसच्या वर्गातील. काहीच फरक पडला नाही तर पॉलिप्रॉपिलीन असण्याचा संभव अधिक. तुकडा पाण्यात तरंगतो की बुडतो हे पाहण्याची एक जुनी रीत आहे. नुसते पॉलिप्रॉपिलीन तरंगते हे खरे, परंतु शंखजिरे मिसळलेले बुडूही शकते. म्हणून त्या रीतीवर सर्वस्वी विसंबू नये.

आणखी एक गोष्ट आरंभीच पाहिली पाहिजे. बाजारातून येणारा काळा बंपर कोरा असतो किंवा कारखान्यातूनच अस्तर देऊन आलेला असतो. दोन्ही काळेच दिसू शकतात. आतील कडेला काचकागद हलका फिरवावा : सुकी, पिठासारखी भुकटी पडली तर अस्तर आहे, मऊ, दोऱ्यासारखा कीस निघाला तर प्लॅस्टिक कोरे आहे. कारखान्याचे अस्तर खरवडून काढण्याची चूक कित्येकजण उत्साहाच्या भरात करतात. ते अस्तर योग्य उपचारानंतर बसवलेले असते. त्यास केवळ हलके घासून स्वच्छ केले म्हणजे पुरे.

आता कोऱ्या बंपरचा विचार करू, कारण खरी मेहनत तेथेच आहे. साच्यातून वस्तू सहज सुटावी म्हणून साच्याला मेणासारखे वा तेलासारखे द्रव्य लावण्याची पद्धत असते. त्याचा पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर नव्या बंपरवर राहू शकतो. नवी वस्तू म्हणून ती स्वच्छच असणार, हा समज येथे घातक ठरतो. नवा बंपर हा जुन्या बंपराइतकाच, कधी कधी त्याहून अधिक, मळलेला असतो असे मानूनच कामाला लागावे. पहिला उपचार अगदी घरगुती आहे. कोमट पाणी, भांडी घासण्याचा साबण आणि करड्या रंगाची बारीक घासणी घेऊन बंपरची प्रत्येक खाच, प्रत्येक कड घासून काढावी. साबण पूर्ण धुऊन टाकावा व बंपर सावलीत पूर्णपणे वाळू द्यावा. नंतर प्लॅस्टिकसाठी मिळणारे सफाईचे द्रव्य वा आयसोप्रॉपिल अल्कोहोल घ्यावे. एका हातात त्याने भिजलेला फडका, दुसऱ्या हातात कोरा फडका. ओल्या फडक्याने पुसावे आणि ते वाळण्यापूर्वीच कोऱ्या फडक्याने टिपून घ्यावे. वाळू दिले तर विरघळलेला मळ तेथेच पुन्हा बसतो. म्हणजे मळ काढला नाही, केवळ सारखा पसरला. फडका वारंवार बदलावा. रॉकेलने अथवा पेट्रोलने पुसण्याची सवय सोडून द्यावी, कारण त्यांच्यामागे तेलकटपणा राहतो, आणि आगीचे भय निराळेच.

येथे एका शत्रूचा उल्लेख अगत्याचा आहे. मोटारीचा डॅशबोर्ड व टायर चमकवणाऱ्या पॉलिशमध्ये पुष्कळदा सिलिकोनचे तेल असते. त्याचा कणभर अंश रंगाखाली राहिला तरी तेथून रंग मागे सरतो व माशाच्या डोळ्यासारखे वाटोळे खड्डे पडतात. जुना काळा बंपर काळाभोर दिसावा म्हणून वर्षानुवर्षे हे पॉलिश चोळलेले असेल, तर सफाई दोनदा-तीनदा करावी. ज्या शेडमध्ये रंग फवारायचा तेथे या पॉलिशची फवारणी करूच नये. पुष्कळ गॅरेजमध्ये एका कोपऱ्यात रंगकाम व दुसऱ्या कोपऱ्यात गिऱ्हाइकाच्या गाडीला चमक आणण्याचे काम चालते, आणि खड्ड्यांचा दोष बिचाऱ्या रंगाच्या डब्याला लागतो.

घासकामात पत्र्याची सवय आड येते. जाडाभरडा कागद वापरला तर पॉलिप्रॉपिलीनला लव फुटते, केस उभे राहतात, आणि ते रंगातूनही दिसतात. सहाशे ते आठशे नंबरचा वॉटर पेपर किंवा करडी घासणी पुरे. उद्देश दरी पाडण्याचा नसून चमक मारण्याचा आहे. बंपर उन्हाकडे तिरपा धरून पाहावा. जेथे म्हणून चकाकी दिसेल तेथे रंग सुटेल, असे समजून त्या कडा पुन्हा घासाव्या. बंपरला पूर्वीची तडा दुरुस्त केलेली असेल तर पत्र्याची लांबी तेथे भरू नये. ती दगडासारखी कडक होते, बंपर लवतो, आणि लांबीचे चकते निखळते. प्लॅस्टिकसाठी लवचिक लांबी निराळी मिळते.

घासल्यावर पुन्हा सफाई. हिवाळ्यातील कोरड्या हवेत, विशेषतः बीदरच्या पठारावर, कोरड्या फडक्याने प्लॅस्टिक पुसले की त्यावर वीज साचते आणि आसमंतातील लाल माती त्याकडे धाव घेते. जांभ्या दगडाची ती माती किती बारीक असते हे बीदरकरांना सांगणे न लगे. फवारणीपूर्वी जमिनीवर पाणी शिंपडावे, टेरिलीनऐवजी सुती कपडे घालावे, विजेचा निचरा करणाऱ्या द्रव्याने शेवटचे पुसणे करावे, व चिकट कापड हलक्या हाताने फिरवावे. थिनरच्या वाफा असताना ही साचलेली वीज ठिणगी पाडू शकते, हेही विसरू नये.

यानंतर येते ते द्रव्य, ज्याच्या अभावी आरंभीच्या शेतकऱ्याचा रंग निघाला. बाजारात त्यास प्लॅस्टिक प्रायमर अथवा पीपी प्रायमर म्हणतात. त्यातील क्लोरिनयुक्त घटक एका बाजूने पॉलिप्रॉपिलीनशी जमवून घेतात व दुसऱ्या बाजूने रंगाशी. दोन भाषा जाणणारा दुभाषा मध्ये बसावा तसा. सीमाभागात दुभाष्याचे मोल वेगळे सांगावयास नको. हा थर अत्यंत पातळ हवा. जास्त दिला म्हणजे जास्त धरेल असा हिशेब येथे चालत नाही. जाड थर स्वतःच मधून फाटतो. पुढील थर किती मिनिटांनी द्यावा हे डब्यावर लिहिलेले असते, आणि ती वेळ फार लवकर वा फार उशिरा होऊन चालत नाही. मोठ्या कारखान्यांत याऐवजी बंपरवरून ज्योत झरझर फिरवून त्याचा पृष्ठभाग क्षणमात्र जाळून रंगास अनुकूल करतात. ते काम यंत्रांनी मोजून केलेले असते. गॅरेजमध्ये बत्ती घेऊन त्याचे अनुकरण केल्यास बंपर वाकडा होण्याखेरीज दुसरे फळ मिळण्याची शक्यता कमी. एबीएसच्या भागाला या दुभाष्याची सहसा गरज नसते.

पुढचे काम रंगाऱ्याच्या परिचयाचे आहे, म्हणून थोडक्यात. अस्तर द्यावे, वाळल्यावर बारीक घासावे, रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावे व प्रत्येक हातानंतर थिनर उडून जाण्यास वेळ द्यावा. वरच्या पारदर्शक थरात, डब्यावर सांगितल्याप्रमाणे, लवचिकपणा आणणारे द्रव्य घालावे. कलबुर्गीच्या वैशाखात पारा चाळिशीपलीकडे जातो. तेव्हा नेहमीचा थिनर हवेतच उडतो आणि रंग खरखरीत बसतो. अशा दिवसांत सावकाश उडणारा थिनर घ्यावा व काम सकाळी उरकावे. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते. रोज सकाळी ती टाकी रिकामी न केल्यास पाण्याचे थेंब रंगाबरोबर बंपरवर जातात. १ जुलै २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना मागे वळताना सूचना देणारी यंत्रणा बंधनकारक झाली आहे. तिचे बटणासारखे भाग बंपरमध्ये असतात. त्यांवर रंगाचे जाड पुट चढले तर यंत्रणा मंदावते, म्हणून ते आधी काढून ठेवावे.

रंगछटेचा तंटा मात्र थोडा समजून घेण्यासारखा आहे. पोलादी सांगाडा कारखान्यात शंभर अंशांहून पुष्कळ अधिक उष्णतेत भाजला जातो. ती उष्णता प्लॅस्टिक सोसू शकत नाही; म्हणून बंपर बहुधा वेगळे, कमी उष्णतेत वाळणाऱ्या रंगाने रंगवतात. यास्तव कोऱ्या करकरीत मोटारीचाही बंपर व दरवाजा यांच्या छटेत, विशेषतः चमकीच्या रंगात, किंचित फरक आढळतो. गिऱ्हाइकाने नवीन मोटार उन्हात नीट पाहिली तर त्याचा राग बराच शमेल.

आतापर्यंतचे सर्व बंपरच्या आयुष्याविषयी झाले. रंगाऱ्याच्या आयुष्याविषयी जे सांगावयाचे ते याहून गंभीर आहे. पारदर्शक थर ज्या हार्डनरने कडक होतो त्यात आयसोसायनेट वर्गातील द्रव्ये असतात. फवारणीच्या वेळी त्यांचे तुषार श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. काही माणसांच्या शरीराला त्यांचे वावडे निर्माण होते व दमा जडतो. एकदा असे वावडे जडले की पुढे अत्यल्प मात्रेनेही धाप लागते, आणि तरुण वयात, हात नुकता बसला असताना, कारागिराला व्यवसाय सोडावा लागतो. नाकातोंडावर बांधलेला रुमाल या वाफांना अडवीत नाही. उलट आपण सुरक्षित आहोत असा खोटा धीर देतो. वास आला तर दूर होऊ, हाही भ्रम आहे, कारण अपायकारक मात्रेतही या द्रव्यांचा वास जाणवेलच असे नाही. कोळशाच्या डब्या असलेला मुखवटा हे किमान साधन होय. त्या डब्या ठराविक काळाने बदलाव्या लागतात. बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा सर्वांत उत्तम. चष्मा व हातमोजे हवेतच, कारण त्वचेवाटेही अपाय होतो. जुना रंग कोरडा न घासता ओला घासावा. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी मर्यादा घातली, तरी वाहनांचे रंग त्या नियमांच्या कक्षेत येत नाहीत, आणि जुन्या मोटारींवरील रंगात काय आहे हे कारागिराला दिसत नसते.

गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली वावरणाऱ्या पोराचा प्रश्न येथेच येतो. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये सुधारण्यात आला. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलास कामावर ठेवता येत नाही आणि १४ ते १८ वयाच्या किशोरांना धोक्याची कामे देता येत नाहीत. फवारणी चालू असताना 'जरा दिवा धर रे' म्हणून पोराला बंपरजवळ उभे केले जाते. दिवा धरणाऱ्याच्या तोंडावर तर रुमालही नसतो. उस्ताद निर्दय असतो असे नाही. तोही असाच दिवा धरून शिकलेला असतो. हे चित्र पाहणाऱ्या शिक्षकाने व ग्रामसेवकाने उस्तादाशी दोन शब्द बोलावे. तक्रारीपूर्वी बोलणे बहुधा अधिक उपयोगी पडते.

खरी अडचण पैशाची आहे, हे मान्य केले पाहिजे. पीपी प्रायमरचा डबा, सफाईचे द्रव्य, मुखवटा व जास्तीचा अर्धा दिवस या सर्वांचा खर्च कोणी द्यायचा? शेजारचा गॅरेजवाला कमी भाव सांगतो व गिऱ्हाईक तिकडे वळते. रंगाऱ्याने यावर एक साधा उपाय करून पाहण्यासारखा आहे. बंपरच्या आतील, न दिसणाऱ्या कडेवर एक वीतभर जागा पूर्ण उपचाराने रंगवावी व शेजारी तेवढीच जागा नुसती घासून रंगवावी. दोन्ही पुरते वाळल्यावर धारदार पात्याने दोन-दोन मिलिमीटर अंतरावर उभ्याआडव्या रेघा मारून चौकटी पाडाव्या, त्यांवर चांगली चिकटपट्टी दाबून बसवावी व एका झटक्यात ओढावी. एका जागी चौकटी बंपरवर राहतात, दुसऱ्या जागी त्या पट्टीबरोबर येतात. असा एक जुना तुकडा व ती पट्टी गॅरेजच्या भिंतीवर टांगून ठेवली तर भावाविषयी फारसे बोलावे लागत नाही.

अडचणीचा दुसरा भाग भाषेचा आहे. डब्यावरील सूचना बारीक इंग्रजी टाइपात असतात. कोणत्या प्रमाणात काय मिसळावे, किती मिनिटे थांबावे, वाफेपासून कसे जपावे हे सारे तेथे असते, आणि ज्याला त्याची गरज आहे त्याला ते वाचता येत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात आणि उरलेल्या जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. पण बाजारहाट, सोयरीक व हुन्नर यांनी ती सीमा कधी मानली नाही. एकाच शेडमध्ये उस्ताद दखनी बोलतो, हाताखालचा मराठी व गिऱ्हाईक कन्नड. गावातील माध्यमिक शिक्षकांनी एखाद्या रविवारी जवळच्या गॅरेजमध्ये जाऊन डब्यावरील सूचना मराठीत व कन्नडात मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावून दिल्या, तर एका दुपारच्या श्रमात तेवढे काम होईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत मोटारींच्या रंगकामाचा एक वर्षाचा स्वतंत्र व्यवसाय समाविष्ट आहे. प्रत्येक संस्थेत तो चालतोच असे नाही. ज्या अधिकाऱ्यांच्या हाती मागणी नोंदवणे असते त्यांनी या भागातील रंगाऱ्यांची संख्या एकदा नजरेखाली घालावी, आणि कामावर असलेल्या कारागिरांसाठी सायंकाळचे लहान वर्ग घेता येतील काय, याचाही विचार करावा. भर दुपारी शेड बंद ठेवून वर्गाला येणे त्यांना परवडणारे नाही.

शेवटी मोटार परत देण्याची वेळ. गिऱ्हाईक आनंदात असते, उस्ताद थकलेला असतो, आणि नेमके याच क्षणी सांगावयाचे ते राहून जाते. हवेत वाळलेला रंग हाताला कोरडा लागला तरी त्याला पुरता कडकपणा येण्यास साधारण आठवडा लागतो. तोवर फवाऱ्याने मोटार धुऊ नये, पॉलिश लावू नये, बंपरवर चिकटचित्र वा नंबराची पट्टी चिकटवू नये. पक्ष्याची विष्ठा पडली तर साध्या पाण्याने लगेच धुवावी. पुढे धुतानाही फवाऱ्याचे तोंड बंपरच्या कडेपासून हातभर दूर ठेवावे. हे सर्व पावतीच्या मागे लिहून द्यावे, गिऱ्हाईक वाचते त्या भाषेत, आणि ज्या तारखेनंतर मोटार धुण्यास हरकत नाही ती तारीख वर ठळक घालावी.